सामाईक विहीर आणि सात रात्री

सोलापूर-बार्शी रस्त्याने जाताना वैराग लागले की गुरुजींच्या घरी डोकावल्याशिवाय माझा पाय पुढे पडत नाही. त्यांनी मला शाळेत गणित शिकवले. चक्रवाढ व्याज शिकवताना ते पुस्तकातले उदाहरण क्वचितच घालत. आडत दुकानातले, पतपेढीतले, गावच्या सावकारीतले घालत. त्यामुळे व्याज म्हणजे काय हे आम्हा पोरांना परीक्षेपुरते नव्हे, जन्मभरासाठी कळले. अशा या माणसाने गेल्या उन्हाळ्यात माजघरातल्या कपाटातून एक गुळगुळीत कागदांची फाइल काढली, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "हे गणित मला सुटेना. बघ, तुला जमतंय का."

फाइल टाइमशेअरची होती. बारा वर्षांपूर्वी गुरुजी निवृत्त झाले, ग्रॅच्युइटीची रक्कम हाती आली आणि काही दिवसांतच फोन आला. सोडतीत तुमचे नाव निघाले आहे, भेटवस्तू घ्यायला सोलापूरच्या हॉटेलात या, मात्र पती-पत्नी दोघांनी यायला हवे. दोघे गेले. तीन तास थंडगार हॉलमध्ये चहा-बिस्किटे, भिंतीवर बर्फाच्या डोंगरांची आणि समुद्राची चित्रे. शेवटी एक तरुण म्हणाला, "काका, ही किंमत फक्त आजच्या दिवसापुरती." गुरुजींनी सही केली. पंचवीस वर्षे, दरवर्षी सात रात्री, आणि देशोदेशीच्या रिसॉर्टांत अदलाबदलीची सोय!

पहिली तीन वर्षे गुरुजी कुठेच गेले नाहीत. त्यांना हवी होती मे महिन्यातली जागा, आणि ती कधी मिळालीच नाही. वार्षिक शुल्काचे पत्र मात्र न चुकता आले.

विहिरीतला चार आणे हिस्सा

फाइल चाळता चाळता मला गुरुजींच्याच शेतातली विहीर आठवली. सातबाऱ्यावर त्यांचा त्या विहिरीत चार आणे हिस्सा आहे. चार भाऊबंदांची सामाईक विहीर, प्रत्येकाला ठरलेल्या दिवसांची पाण्याची पाळी. विहीर कोणा एकाची नाही, पण पाळीच्या दिवशी ती पूर्णपणे त्याची. टाइमशेअर म्हणजे याहून निराळे काही नाही. एक खोली, तिचे वर्षाचे बावन्न आठवडे, आणि त्या आठवड्यांचे बावन्न हिस्सेदार.

आता विहिरीवरचा व्यवहार पाहा. लग्नकार्य निघाले तर, "माझी पाळी या खेपेला तू घे, पुढच्या खेपेला तुझी मला दे," असे चालते. ही झाली अदलाबदल. पण भर पावसाळ्यातली पाळी देऊन चैत्र-वैशाखातली पाळी मागितली तर कोणता भाऊबंद देईल? विहीर तीच, पंप तोच, तासही तेवढेच, पण उन्हाळ्यातल्या पाण्याची किंमत वेगळी. गुरुजींना त्या हॉलमध्ये कोणी हे सांगितले नाही की त्यांनी घेतलेला सर्वांत स्वस्त हंगाम म्हणजे पावसाळ्यातली पाळी होती. विहिरीच्या बाबतीत जे त्यांना जन्मतः ठाऊक होते, ते रिसॉर्टच्या बाबतीत ओळखायला तीन वर्षे लागली.

आल्प्सपासून आपल्यापर्यंत

ही कल्पना युरोपातली, 1960च्या दशकातली. फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात बर्फावर खेळायला येणाऱ्यांना खोल्यांऐवजी खोल्यांवरचे वर्षानुवर्षांचे हक्क विकण्याची टूम निघाली. तेथून ती अमेरिकेत गेली. पण दरवर्षी त्याच गावी, त्याच खोलीत जाऊन माणूस कंटाळतो. म्हणून 1974 मध्ये अमेरिकेत आरसीआय आणि 1976 मध्ये इंटरव्हल इंटरनॅशनल या अदलाबदल करून देणाऱ्या संस्था निघाल्या. यांचे काम मध्यस्थाचे, जवळजवळ आडत्याचेच. निरनिराळ्या रिसॉर्टांचे हिस्सेदार आपापले आठवडे यांच्याकडे जमा करतात आणि त्या साठ्यातून दुसऱ्या कोणाचा तरी आठवडा उचलतात.

आपल्याकडे 1986 मध्ये स्थापन झालेल्या मद्रासच्या स्टर्लिंग कंपनीने कोडाईकॅनॉलपासून हा धंदा रुजवला. 1991 नंतर मध्यमवर्गाच्या हाती पैसा खेळू लागला तशा वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकू लागल्या. 1996 मध्ये महिंद्र उद्योगसमूह क्लब महिंद्र घेऊन या क्षेत्रात उतरला. मामाच्या गावाला जाणारी पिढी संपत आली होती आणि 'हॉलिडे'ला जाणारी सुरू होत होती. टाइमशेअर नेमका त्या सांध्यावर येऊन बसला.

गुणांचा हिशेब

आठवड्याच्या बदल्यात आठवडा ही जुनी रीत. तुम्ही जमा केलेल्या आठवड्याचे वजन ठरते ते हंगामावर, त्या ठिकाणाच्या मागणीवर, खोलीच्या आकारावर, रिसॉर्टच्या दर्जावर आणि तुम्ही तो किती आधी जमा केला यावर. बऱ्याच महिन्यांपूर्वी जमा केला तर वजन पुरते मिळते. तोंडावर जमा केला तर घटते, कारण शिळ्या भाजीला बाजार नसतो.

पुढे पॉइंटांची पद्धत आली. आरसीआयने ती 2000 साली आणली. हिच्यात तुमच्या हिश्श्याचे वर्षाला ठराविक गुण होतात आणि प्रत्येक खोलीच्या प्रत्येक रात्रीवर गुणांची चिठ्ठी लागलेली असते. समजा, वर्षाला शंभर गुण मिळाले. थंड हवेच्या ठिकाणी मेमधली रात्र वीस गुणांची आणि जुलैतली आठ गुणांची असेल, तर शंभर गुणांत मेमध्ये पाच रात्री होतात, जुलैत बारा होऊन वर चार गुण उरतात. शनिवार-रविवार महाग, मधले वार स्वस्त. उरलेले गुण बहुधा पुढच्या वर्षी नेता येतात, पुढच्या वर्षीचे आधी उचलताही येतात. मुदत संपली की मात्र ते वाया जातात. पाळीच्या दिवशी पाणी घेतले नाही म्हणून कोणी ते हंड्यात भरून ठेवत नाही.

गुरुजींची अडचण याहून नाजूक होती. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळूरला. महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीची सुटी लांबलचक, तर कर्नाटकातल्या शाळांची मोठी सुटी दसऱ्याला. नातवंडांच्या सुट्या एकमेकींना गाठतात त्या फक्त मे महिन्यात. म्हणजे जो आठवडा सगळ्या हिंदुस्थानाला हवा असतो, नेमका तोच.

"वैरागलाच का नाही येत सगळे?" मी विचारले.

"येतात की," काकू आतून म्हणाल्या. "एक दिवस. मग पोरांना उकडतं."

खरे गणित

आता पैशाचा हिशेब. आकडे उदाहरणादाखल घेतो, कारण प्रत्येक कंपनीचे वेगळे. सभासदत्वाचे चार लाख आणि वार्षिक शुल्क वीस हजार धरा. पंचवीस वर्षांत शुल्काचेच पाच लाख झाले, एकूण नऊ लाख. सात रात्रींप्रमाणे एकशे पंचाहत्तर रात्री. म्हणजे रात्रीला सुमारे 5,140 रुपये पडले. ऐकायला वाईट नाही. पण पंचवीसपैकी दहाच वर्षे जाणे झाले, तर रात्री होतात सत्तर आणि रात्रीचा भाव होतो 12,850 च्या पुढे.

दुसरीकडून पाहा. तेच चार लाख सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाचे व्याज अठ्ठावीस हजार. त्यात वाचलेले वीस हजार घाला. अठ्ठेचाळीस हजारांत दरवर्षी सात रात्रींसाठी सुमारे 6,850 रुपये भावाची खोली कुठेही घेता येते, आणि पंचविसाव्या वर्षी मुद्दल शाबूत असते. यात वार्षिक शुल्काची वाढ धरलेली नाही, त्यावरचा जीएसटी धरलेला नाही, अदलाबदलीची दर वेळची फी आणि मध्यस्थ संस्थेची वर्गणी धरलेली नाही, आणि रिसॉर्टच्या उपाहारगृहातले बिलही नाही. अर्थात खोल्यांचे भाव वाढत जातात आणि व्याज मात्र तेवढेच राहते, हा टाइमशेअरच्या बाजूचा मुद्दाही वहीत लिहिला पाहिजे. दरवर्षी नेमाने जाणारा, वर्षभर आधी बेत आखणारा आणि गर्दीचा हंगाम टाळू शकणारा माणूस या व्यवहारात फायद्यात राहू शकतो. बाकीच्यांचे गुण वाया जातात आणि शुल्क चालू राहते.

गुरुजींना हे उमजायला लागले तसे ते बदलले. नातवंडांविना दोघेच ऑगस्टमध्ये अदलाबदलीने कोडाईकॅनॉलला गेले. धुके, भुरभुर पाऊस आणि दोन झोपायच्या खोल्यांत दोन माणसे. काकू म्हणतात, "झाडं छान होती. पण बोलायला कोणी नव्हतं."

पाळी नव्हे, ठेव

गुरुजींनी निदान खोली विकत घेतली, हे त्यांचे नशीबच म्हणायचे. आपल्या महाराष्ट्रात याच नावाखाली दुसराच खेळ झाला. पॅनकार्ड क्लब्ज या मुंबईच्या कंपनीने गावोगाव एजंट नेमून हॉटेलातल्या खोल्यांच्या रात्री विकल्या. राहायला गेला नाहीत तर मुदतीअखेर वाढीव रक्कम परत, असा करार. घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना ना हॉटेल पाहायचे होते ना समुद्र. त्यांनी ती मुदतठेव समजूनच पैसे भरले. सेबीने 2014 मध्ये हा व्यवहार नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून रोखला आणि 2016 मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. त्या वेळी आकडा होता सुमारे एक्कावन्न लाख गुंतवणूकदार आणि सात हजार कोटींहून अधिक रुपये. मालमत्तांच्या जप्त्या आणि लिलावाच्या वार्ता लोक वर्षानुवर्षे वाचत राहिले.

यातला धडा सोपा आहे. विहिरीच्या पाळीतून पाणी मिळते, व्याज मिळत नाही. ज्या दिवशी कोणी म्हणेल की पाळी घ्या, पाणी नाही उपसले तर दामदुपटीने पैसे देतो, त्या दिवशी विहिरीत पाणी आहे का हे आधी वाकून पाहावे.

सही करण्यापूर्वी, सही केल्यावर

युरोपीय संघाने 1994 मध्ये टाइमशेअरच्या ग्राहकाला सहीनंतर दहा दिवसांत माघार घेण्याचा हक्क दिला. 2008च्या नियमांनी ती मुदत चौदा दिवसांची झाली आणि त्या काळात आगाऊ पैसे घेण्यालाही बंदी आहे. 'आजच्या दिवसापुरती किंमत' या वाक्यावरचा हा रामबाण उतारा आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून करारात माघारीचे कलम आहे का, किती दिवसांचे आहे, आणि पैसे कापून मिळतात की पूर्ण, हे सहीआधी वाचणे ग्राहकाच्याच हाती उरते. तोंडी दिलेली प्रत्येक गोष्ट कागदावर मागावी. देत नसतील तर भेटवस्तू तेथेच ठेवून उठावे.

मात्र एक मोठी सोय झाली आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो जुलै 2020 मध्ये लागू झाला, त्यानुसार ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार नोंदवता येते. कंपनी मुंबईची असो वा मद्रासची, वैरागच्या माणसाला सोलापूरच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती मात्र चुकवू नये. जागा मागितल्याची आणि नाकारल्याची प्रत्येक नोंद लेखी ठेवावी, कारण आयोगापुढे आठवणींना किंमत नसते.

उरलेली तेरा वर्षे

फाइलमधले ताजे पत्र हेच गुरुजींचे न सुटलेले गणित होते. आठवड्याचे गुण करून देतो, त्यासाठी एवढी जादा रक्कम भरा. गुरुजी आता सत्तरीला आले आहेत आणि करार अजून तेरा वर्षांचा आहे. त्यांच्यानंतर तो मुलाच्या नावे होऊ शकतो, पण वार्षिक शुल्कासह. मुलाने फोनवर स्पष्टच सांगितले, "बाबा, मला नको." गुरुजींना ते लागले. शेती, घर, विहिरीतला हिस्सा, आपण जे ठेवून जाऊ ते पोरांना हवे असेल असेच माणूस धरून चालतो.

आम्ही दोघांनी कागदावर हिशेब मांडला. जादा रक्कम भरली तर दोन वर्षांचे गुण एकत्र करून मेमध्ये दोन खोल्यांची जागा काही रात्रींसाठी मिळू शकते. न भरली तर पावसाळ्यातली पाळी पावसाळ्यातच राहते. पैशाने पाहिले तर तोटाच. गुरुजींनी बेरीज दोनदा तपासली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "घातलेले पैसे गेले, ते धरायचे नाहीत. पुढच्या पैशात काय मिळतं तेवढंच बघायचं." चाळीस वर्षांपूर्वी फळ्यासमोर उभे राहून त्यांनी आम्हाला हेच सांगितले होते.

मग त्यांनी मुलीला फोन लावला. बोलणे बराच वेळ चालले. ती करार आपल्या नावे करून घ्यायला तयार झाली नाही. निम्मे शुल्क द्यायला मात्र तयार झाली, दोन वर्षांपुरते, नातवंडे दहावीला जाईपर्यंत. गुरुजींनी तेवढे मान्य केले. फाइल कपाटात ठेवण्याआधी तिच्या पुठ्ठ्यावर त्यांनी लाल शाईने एक तारीख लिहिली. पुढच्या मे महिन्याचे आरक्षण त्या दिवशी उघडणार होते.