जुने द्राक्षारिष्ट : काळाचा संस्कार आणि कपाटातील काळ

कनेरगाव नाका हे हिंगोली–वाशीम रस्त्यावरील, मराठवाडा व विदर्भ यांच्या सीमेवरचे गाव. येथील एका औषधविक्रेत्या बंधूंनी गेल्या उन्हाळ्यात प्रस्तुत लेखकापुढे द्राक्षारिष्टाची एक सीलबंद बाटली ठेवली. पत्र्याच्या छताखालील वरच्या फळीवर तिने चार उन्हाळे काढले होते. तळाशी बोटभर गाळ साचला होता आणि झाकण किंचित फुगले होते. "आसव जेवढं जुनं तेवढं गुणी, असं तुम्हीच सांगता ना डॉक्टरसाहेब? मग ही परत कशाला पाठवू?" त्यांचा प्रश्न रास्त होता. झाकण उघडताच फसकन वायू सुटला आणि फेस काउंटरवर सांडला.

आसव, धातू व रसकल्प जुने झाल्यावर अधिक गुणवान होतात, हे शार्ङ्गधराचे मत सर्वश्रुत आहे. चरकाचार्यांनीही सूत्रस्थानात नवीन मद्य गुरू व दोषकर, तर जीर्ण मद्य लघू, दीपन आणि स्रोतसांचे शोधन करणारे सांगितले आहे. मात्र ही वचने कोणत्या द्रव्याच्या, कोणत्या पात्रातील आणि कोणत्या परिस्थितीतील जीर्णत्वाविषयी आहेत, याचा विचार आपण क्वचितच करतो.

या संदर्भात इटलीतील एका मद्याचे उदाहरण बोधक आहे. त्या देशाच्या वायव्येस पिएमोंते प्रांतात, अल्बा नगराभोवतीच्या टेकड्यांवर, 'नेब्बिओलो' नावाचे तेथील देशी द्राक्ष होते. त्या एकाच जातीपासून 'बारोलो' हे तांबडे मद्य करतात. नवे असताना ते इतके तुरट असते की जीभ आखडते. म्हणून तेथील नियमांनुसार ते किमान 38 महिने मुरवावे लागते व त्यांपैकी 18 महिने लाकडी पिंपात ठेवावे लागते. 'रिझर्वा' म्हणून विकायचे असल्यास 62 महिने लागतात. हा काळ द्राक्षतोडणीच्या वर्षातील 1 नोव्हेंबरपासून मोजतात. लाकडातून अत्यल्प वायू आत शिरतो, सालीतील व बियांतील कषाय द्रव्ये, म्हणजे टॅनिने, हळूहळू एकमेकांत गुंफली जाऊन तळाशी बसतात, तुरटपणा मऊ होतो आणि माणकासारखा रंग विटकरी होत जातो. येथे काळ हा एक संस्कारच आहे. पण तो थंड, अंधाऱ्या तळघरात, साधारण 12 ते 15 अंश तापमानात घडतो. तेच मद्य आमच्या नाक्यावरील पत्र्याखाली मे महिन्यात ठेवले तर मुरणार नाही, करपेल.

आपल्या पूर्वसूरींना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. घृतलिप्त मातीचे भांडे, त्याचा संधिबंध आणि ते धान्यराशीत किंवा जमिनीत पुरून ठेवण्याचा आदेश, या सर्वांचा हेतू तापमान स्थिर राखणे व हवेचा शिरकाव रोखणे हाच होता. धान्याची रास हेच आपले तळघर!

आता द्रव्याकडे वळू. शार्ङ्गधराच्या पाठात द्राक्षा अर्धा तुळा, म्हणजे 50 पल, आणि गूळ 2 तुळा, म्हणजे 200 पल. एक पल 48 ग्रॅम धरल्यास द्राक्षा 2.4 किलो आणि गूळ 9.6 किलो होतो. काढा आटवून सुमारे 6 लिटर उरतो. वाळलेल्या द्राक्षातील साखर फार तर दीड-पावणेदोन किलो भरेल. म्हणजेच द्राक्षारिष्टातील स्वयंजात मद्यार्काचा मोठा वाटा द्राक्षाचा नसून गुळाचा असतो. बारोलोमध्ये मात्र द्राक्षातील जवळजवळ सर्व साखर किण्व, म्हणजे यीस्ट, पचवून टाकते व ते मद्य गोड लागत नाही. आपल्या कल्पात साखर इतकी दाट असते की किण्वाला ती सगळी पचवणे शक्यच नसते. उरलेली गोडी, मद्यार्क आणि प्रक्षेपातील मरिच, पिप्पली, त्वक् यांच्या बळावर कल्प टिकतो. द्राक्षारिष्ट मधुमेही रुग्णास देताना हात आखडता का घ्यावा, हेही यावरून उमगेल.

हीच उरलेली साखर त्या बाटलीत फसफसली. संधान अपुरे असताना गाळून बाटलीत भरले आणि उन्हाळ्याच्या उष्म्याने ते पुन्हा सुरू झाले. जातसंधानाची लक्षणे आपण विद्यार्थिदशेत पाठ केली आहेत: पात्राला कान लावल्यास आवाज येत नाही, प्रक्षेप तळाशी बसतो, पात्राच्या तोंडाशी नेलेली जळती काडी विझत नाही. ही परीक्षा आजही बिनखर्चाची आहे. तिच्याकडे पाठ फिरवून केवळ दिवस मोजणाऱ्या फार्मसीचा माल अशा रीतीने उघडा पडतो.

द्राक्षाच्या निवडीबाबतही थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. तासगाव–सांगली परिसरातील बेदाणा उत्तम खाद्य आहे, 2016 साली सांगली बेदाण्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु तो मुख्यतः थॉम्पसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश यांसारख्या बिनबियांच्या जातींचा असतो. बी नाही म्हणजे बीजातील कषाय रसही नाही. शिवाय सोनेरी रंग टिकावा म्हणून अनेकदा गंधकाची धुरी दिली जाते. गंधकाचा हा वायू किण्वाचा शत्रू आहे. मद्यनिर्माते नको असलेले किण्व आवरण्यासाठी तोच वापरतात. "बेदाणा घातला, संधानच लागले नाही" अशी तक्रार करणाऱ्या फार्मसीचालकांनी प्रथम धुरीची चौकशी करावी. बियांची काळी मनुका, धुरी न दिलेली, कोमट पाण्यात धुऊन वापरणे श्रेयस्कर. तिचे दर चढे असतात हे मान्य, परंतु कल्पाचे नाव गुळावरून पडलेले नाही.

मुदतीचा प्रश्न उरला. पूर्वी आसव-अरिष्टांना अंतिम तिथी नव्हती. 2016 च्या दुरुस्तीनंतर ती 10 वर्षे झाली. हा काळ निर्मितीच्या दिनांकापासून धरला जातो. मात्र संधान कधी लावले व कल्प पात्रात किती मुरला, हे वेष्टनावरून कळत नाही. बारोलोचा ग्राहक द्राक्षाचे वर्ष वाचून बाटली घेतो, आपला वैद्य मात्र बॅच क्रमांकावर समाधान मानतो. फार्मसीचालकांनी संधान लावल्याची व गाळल्याची, अशा दोन्ही तारखा स्वेच्छेने छापल्यास कोणताही नियम आड येणार नाही. कल्प मुरू द्यायचा तो मोठ्या पात्रातच, बाटलीत नव्हे.

विक्रेत्यांसाठी एवढेच: आसव-अरिष्टे खालच्या फळीवर, भिंतीच्या सावलीत ठेवावीत. थोडा गाळ हा दोष नव्हे. फुगलेले झाकण, फेस वा आंबूस वास हा दोषच होय. अर्धी रिकामी बाटली महिनोन्‌महिने ठेवल्यास हवेच्या संपर्काने तिचे शुक्त बनते, ते रुग्णास देऊ नये.

नाक्यावरील त्या बंधूंनी त्याच बॅचच्या उरलेल्या सात बाटल्या दुसऱ्या दिवशी परत पाठविल्या. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी संधान लावल्याची तारीख विचारली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.