क्रूझवरची पहिली सहल

क्रूझमध्ये बोट हाच मुक्काम असतो; राहणे, जेवण, करमणूक सगळे तिच्यावरच. मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून गोवा, लक्षद्वीपकडे अशा सहली निघतात. अशी जहाजे साधारण 15 ते 20 नॉट, म्हणजे ताशी 28 ते 37 किलोमीटर वेगाने चालतात. मोकळ्या रस्त्यावर एसटीही त्यांना मागे टाकेल.

निघण्यापूर्वी किंवा निघताच सुरक्षेची कवायत होते. संकटात कुठे जमायचे, लाइफ जॅकेट कसे बांधायचे, हे प्रत्येकाला दाखवतात. 2012 मधील कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर हा नियम कडक झाला.

बोट लागण्याचे कारण कानात असते. अंतर्कर्णाला हेलकावे जाणवतात, पण बंद केबिनमध्ये डोळ्यांना ते दिसत नाहीत. म्हणून जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची केबिन बरी. मळमळू लागल्यास डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावे.

नवखे कुटुंब पहिल्या दिवशी जेवण, खेळ, पोहण्याचा तलाव सगळे उरकायला धावते. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते. मग आजोबा कठड्याशी खुर्ची ओढतात, मुले जहाजामागची फेसाची रेघ पाहत बसतात, पत्त्यांचा डाव रंगतो. दिवसाला एखादाच कार्यक्रम ठरवून बाकीचा वेळ मोकळा ठेवला, तर ही निवांतपणाची सवय दुसऱ्या दिवसापासूनच लागते.