पेडर रोडची चढण

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर कॉटन ग्रीन नावाचे रेल्वेस्थानक आहे. ‘ग्रीन’ म्हणजे मोकळे मैदान. कापसाच्या गासड्या जेथे उतरत, त्या मैदानावरून हे नाव पडले. हिरव्या कापसाशी त्याचा काडीचाही संबंध नाही! हे मैदान पूर्वी कुलाब्यास होते. विसाव्या शतकाच्या आरंभी माझगाव व शिवडी यांच्या बाजूला उथळ समुद्रात भराव घालून नवी जमीन तयार करण्यात आली आणि पुढे कापसाचा व्यापार तेथे गेला. समुद्र हटवून केलेली ही जमीन साहजिकच सपाट आहे. तेथील रस्त्यावर पहाटे धावणाऱ्याला चढ असा लागतच नाही.

बेटाची पश्चिम बाजू मात्र निराळी आहे. तेथे मलबार हिल व खंबाला हिल या काळ्या पाषाणाच्या टेकड्या अगदी समुद्रालगत उभ्या आहेत. गिरगाव चौपाटी मागे टाकून उत्तरेकडे निघालेला रस्ता या टेकडीच्या अंगावरून वर चढतो आणि हाजीअलीपाशी उतरून पुन्हा समुद्राला भेटतो. हाच पेडर रोड होय. मोटारीत बसलेल्या मनुष्याला ही चढण जाणवतही नाही. परंतु मॅरॅथॉनच्या शर्यतीत धावलेला मनुष्य ती सहसा विसरत नाही.

मुंबईची ही शर्यत २००४ साली सुरू झाली. तिचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर असते. कॉटन ग्रीनहून दक्षिणेस जाताना पाचवे स्थानक म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस; तेथून धावक निघत. मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, वरळी, सागरी सेतूवरून वांद्रे, माहीम आणि मग परत दक्षिणेकडे, असा तिचा मार्ग अनेक वर्षे होता. त्यामुळे पेडर रोडची चढण दोनदा लागे. पहिल्या वेळी धावक ती हसतखेळत ओलांडीत. दुसऱ्या वेळी, सुमारे ३५ किलोमीटर धावून झाल्यावर, त्याच चढणीवर कित्येकांचे पाय जड होत. कोणी चालू लागे, तर कोणी रस्त्याच्या कडेला बसून राही. चढण तीच आणि पायही तेच; मग हा फरक कशाने पडला?

याचे उत्तर शरीराच्या शिदोरीत आहे. आपण खाल्लेल्या भात-भाकरीतील साखर ‘ग्लायकोजेन’ या रूपाने स्नायूंत व यकृतात साठविली जाते. या साठ्यातून सुमारे २,००० उष्मांक मिळतात. ६० किलो वजनाच्या मनुष्याला एक किलोमीटर धावण्यास जवळजवळ ६० उष्मांक लागतात. म्हणजे संपूर्ण शर्यतीस अडीच हजार झाले. शिदोरी थोडी आणि वाट लांब! उरलेली शक्ती चरबीपासून मिळते. परंतु चरबी सावकाश जळते व तिला प्राणवायूही अधिक लागतो. सावकाश धावणाऱ्याची पुष्कळशी गरज चरबी भागविते. वेगाने धावणाऱ्याला मात्र साखरच अधिक खर्चावी लागते. म्हणून आरंभीच्या उत्साहात जो भरधाव सुटतो, त्याची शिदोरी तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरला संपत येते. नेमकी त्याच वेळी समोर चढण येते. चढावर प्रत्येक पावलाला सारे शरीर उचलावे लागते, आणि त्यासाठी हवी असलेली साखर तर खर्चून गेलेली असते. मेंदूलाही साखरच लागत असल्यामुळे कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी येते. धावपटू या अवस्थेला ‘भिंत’ म्हणतात.

समुद्रकाठची दमट हवा त्यात भर घालते. घाम वाळला, तरच अंग निवते. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. जानेवारीत ही शर्यत भरू लागली, ती याचसाठी सोयीची. चढण संपली म्हणजे त्रास संपला, असे मानणेही चुकीचे आहे. उतारावर शरीराला आवर घालताना मांडीचे स्नायू ताणले जातात व त्यांतील बारीक तंतू दुखावतात.

तेव्हा चढणीवरचा जय-पराजय चढणीवर ठरत नाही. तो दोन तास आधी, सपाट रस्त्यावरच ठरतो. ज्याला आपला वेग आवरता येतो, वाटेत पाणी व साखर घेण्याचे भान ज्याला राहते आणि ज्याने चढावर धावण्याचा सराव केलेला असतो, तो ती ओलांडतो. सपाट भागातील धावक उड्डाणपुलांवर हा सराव करतात. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातून आलेल्या ललिता बाबर यांनी २०१२, २०१३ व २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षे मुंबईच्या शर्यतीत भारतीय स्त्रियांमध्ये पहिला क्रमांक मिळविला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या.

या अंतराशी मराठी मुलखाचा परिचय मात्र त्याहून फार जुना आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने १९२० साली भारतीय खेळाडू बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामन्यांसाठी गेले. त्यांपैकी बेळगावचे फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार हे दोघे मॅरॅथॉन धावले. त्या वर्षीचे अंतर नेहमीपेक्षाही अधिक, म्हणजे ४२ किलोमीटर ७५० मीटर होते. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि ते एकोणिसावे आले.