पडद्यावरचे अडथळे, पायांना सराव

चालताना खड्डा हेरणे, पाऊल किती उचलायचे ते ठरवणे आणि सोबत्याशी बोलणे, हे सारे मेंदूला एकाच वेळी सांभाळावे लागते. उतारवयात हीच कसरत जड जाते.

‘लॅन्सेट’मध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतल्या चाचणीत वारंवार पडणाऱ्या ३०२ ज्येष्ठांना ६ आठवडे ट्रेडमिलवर चालवले. एका गटासमोर पडदा होता. कॅमेरा त्यांची पावले टिपून पडद्यावर दाखवी, वाटेत अडथळे येत, ते ओलांडायचे. आभासी वास्तव (व्हीआर) म्हटले की आठवतो तो डोळ्यांवर चढवायचा अवजड चष्मा इथे नव्हताच. मला ही मोठी सोय वाटते. पुढच्या ६ महिन्यांत या गटाचे पडणे जवळपास निम्म्यावर आले. नुसत्या ट्रेडमिलने तेवढे साधले नाही.

घरात कुणी वारंवार पडत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.