जनावरांच्या शस्त्रक्रियेतील भूल : वायूचे बळ आणि मालकाची दक्षता

बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याचे मोठे भांडवल गोठ्यात असते. ऊसतोडीला जाणारी बैलजोडी किंवा दुभती म्हैस अकाली गेल्यास संसाराची घडी विसकटते. अशा जनावरावर शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते तेव्हा ‘भूल दिल्यावर जनावर उठेल ना?’ हा प्रश्न मालकाच्या मनात प्रथम येतो. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर काही अंशी मालकाच्याच हाती आहे.

आष्टी तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या म्हशीने चाऱ्याबरोबर तार गिळली होती. गिळलेली तार जाळीपोटात रुतते व पुढे श्वासपटलास भोक पाडते. मग जाळीपोट छातीच्या पोकळीत सरकते आणि जनावराचे पोट वारंवार फुगू लागते. यास श्वासपटलाचा हर्निया म्हणतात. पहिल्या टप्प्यात कोठीपोट रिकामे करून तार काढण्यात आली. दुसरी शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन व्हावयाची होती. परंतु उपाशी म्हैस पाहून मालकाचा जीव कळवळला व त्याने रात्री तिला सरकी पेंड घातली. सकाळी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. मालक रागावला, पण डॉक्टरांचा निर्णय योग्यच होता. तो का, हे समजण्यासाठी भुलेच्या वायूंची ओळख हवी.

वायूंचे गुणधर्म

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली, आणि हे तंत्र जगभर पसरले. १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म वापरात आले. ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते व झटकन पेट घेते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा असे द्रव्य किती धोक्याचे ते सहज ध्यानात येईल. १९५६ पासून न पेटणारे हॅलोथेन वापरात आले. त्यानंतर आयसोफ्ल्युरेन व सेव्होफ्ल्युरेन आले. आज मोठ्या पशुरुग्णालयांत मुख्यतः हीच दोन द्रव्ये वापरतात.

वायू किती लवकर काम करतो हे तो रक्तात किती विरघळतो यावर ठरते. काळ्या भेगाळ रानात सोडलेले पाणी आधी भेगांत मुरते व शेवटच्या सरीस उशिरा पोहोचते. पक्क्या पाटातून ते तत्काळ जाते. ईथर रक्तात पुष्कळ मुरते, म्हणून मेंदूपर्यंत त्याचा अंमल सावकाश पोहोचतो आणि सावकाश उतरतो. सेव्होफ्ल्युरेन फार थोडे मुरते, म्हणून त्याची भूल लवकर चढते व लवकर उतरते.

बळ कसे मोजतात?

फवारणीचे जे औषध एका पंपास थोडेच पुरते ते अधिक जालीम, हे शेतकरी जाणतो. येथेही तोच न्याय लागू आहे. श्वासातील वायूच्या ज्या प्रमाणास निम्मी जनावरे शस्त्राच्या वेदनेने हालचाल करीत नाहीत, ते प्रमाण हे त्या वायूच्या बळाचे माप होय. १९६० च्या दशकात डॉ. एडमंड एगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे माप रूढ केले; त्याचे आरंभीचे प्रयोग कुत्र्यांवर झाले. कुत्र्यात हे प्रमाण हॅलोथेनचे सुमारे ०.९ टक्के, आयसोफ्ल्युरेनचे १.३, सेव्होफ्ल्युरेनचे २.३ व ईथरचे ३ टक्के आहे. आकडा जितका लहान, तितका वायू बलवान. नायट्रस ऑक्साइड मात्र इतके दुर्बळ आहे की केवळ त्याने जनावरास पूर्ण भूल येत नाही. शिवाय ते कोठीपोटातील वायूत शिरून पोटफुगी वाढविते.

बलवान वायू मोजूनच द्यावा लागतो. २० अंश तापमानात बंद बाटलीतील आयसोफ्ल्युरेनची वाफ हवेत सुमारे ३२ टक्क्यांपर्यंत भरते, म्हणजे वरील मापाच्या सुमारे २५ पट. प्रमाण वाढल्यास रक्तदाब घसरतो व श्वास थांबतो. म्हणून वाफ मोजून सोडणारे यंत्र, प्राणवायू व श्वासनलिकेत घालावयाची नळी यांवाचून ही भूल देऊ नये. म्हातारे, गाभण किंवा अंग गार पडलेले जनावर कमी प्रमाणातही खोल भुलेत जाते.

गावी डॉक्टर बहुधा लिग्नोकेनने तेवढाच भाग बधिर करून उभ्या जनावरावर शस्त्रक्रिया करतात. ती कमी प्रतीची नव्हे. रवंथ करणाऱ्या जनावरास अनेकदा तीच अधिक सुरक्षित असते. पूर्ण भुलेत आडवे पडलेल्या जनावरास ढेकर देता येत नाही. पोट फुगून फुप्फुसांवर दाब येतो. कोठीपोटातील चारा-पाणी घशाशी येऊन श्वासनलिकेत उतरल्यास जनावर दगावते. आष्टीच्या त्या म्हशीची शस्त्रक्रिया याच भीतीने पुढे ढकलली गेली.

शेतकरी व ग्रामसेवक बंधूंनी ध्यानात ठेवावे

१. मोठ्या जनावरास पूर्ण भुलेपूर्वी सामान्यतः २४ ते ४८ तास चारा व १२ ते २४ तास पाणी बंद ठेवतात. नेमका काळ डॉक्टरांकडून विचारून घ्यावा. दूध पिणाऱ्या वासरास मनाने उपाशी ठेवू नये.

२. जनावर गाभण आहे काय, त्याचे वय काय, आधी कोणते औषध दिले, हे न लपविता सांगावे.

३. चुकून काही खाऊ घातले असल्यास तसे स्पष्ट सांगावे. शस्त्रक्रिया लांबली तरी चालेल. लपविल्यास जीव जाईल.

४. भूल उतरताना जनावरास छातीवर बसते ठेवावे. डॉक्टर सांगेपर्यंत तोंडात पाणी ओतू नये.

५. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून सल्ला घेऊन परभणी किंवा उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी.

६. गोठ्यात व चाऱ्यात तार, खिळे पडू देऊ नयेत. पुष्कळदा शस्त्रक्रियेची वेळच येणार नाही.

वायूचे प्रमाण डॉक्टर सांभाळतील; जनावराचे पोट रिकामे ठेवणे हे मात्र मालकाचे काम आहे. एका रात्रीची माया आवरली, तर जनावर पुन्हा आपल्या दावणीला उभे राहण्याची आशा बळावते.