गोबराची किंमत

हळर्णला माझे आजोळ. लहानपणी आजीने प्रथम "गोबर हाड गो" म्हटले, तेव्हा मी गोठ्यातून शेणाची पाटी उचलून आणली आणि सारे घर हसले. पेडण्याकडे गोबर म्हणजे चुलीतली राख. बेळगावला आमच्या शेजारच्या कन्नड घरात 'गोब्बर' म्हणजे खत. राख, शेण आणि खत यांचा हा गोंधळ वाटतो तितका निरर्थक नाही, हे पुढे कळले.

लाकडाच्या राखेत चुन्याचा अंश बराच असतो, पण तो पाण्यात विरघळत नाही. विरघळतो तो पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार. मे महिन्यात मी ते करून पाहिले. मडक्याच्या बुडाला भोके पाडली, वर गवत व राख घालून पाणी ओतले. खाली फिकट चहासारखे, बोटांना बुळबुळीत लागणारे पाणी जमले. त्यात हळदीचा कागद बुडवताच लाल झाला. पाणी आटवल्यावर तळाशी मळकट पांढरा क्षार राहिला. युरोपात असेच पाणी भांड्यात आटवीत, म्हणून 'पॉट' आणि 'ॲश' मिळून पोटॅश हे नाव पडले. 1807 साली हम्फ्री डेव्हीने पोटॅशमधूनच पोटॅशियम धातू वेगळा केला.

हा क्षार तेलकटपणाचा थोडा साबण करतो व राखेचे कण घासतात. म्हणून सोडण आणि गोबर यांनी तांब्याची भांडी लखलखतात. कपडेही पूर्वी राखेच्या निवळीत धूत. कडधान्याच्या बियाण्याला राख चोळली की कीड कमी लागते. उरलेली राख माडाच्या आळ्यात जाते, कारण माडाला पोटॅश फार लागते. सुश्रुतसंहितेत क्षाराचे मृदू, मध्यम व तीक्ष्ण असे प्रकार सांगितले असून, भाजलेले शंख-शिंपले घालून तो तीव्र करण्याची रीत दिली आहे. आजचे रसायनशास्त्रही तेच सांगते: चुन्यामुळे कार्बोनेटचा दाहक क्षार बनतो.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, म्हणून हिशेबाकडे वळते. अमेरिकेतील पहिले पेटंट 1790 साली सॅम्युएल हॉपकिन्सला मिळाले, ते पोटॅश बनविण्याच्या सुधारित पद्धतीसाठी! पुढे 1861 पासून जर्मनीतील स्टासफुर्टला पोटॅश खाणीतून निघू लागले आणि राखेचा व्यापार मागे पडला. आज आपला देश खताच्या पोटॅशची जवळजवळ सारी गरज आयातीवर भागवतो. म्हणजे चूल हे एक छोटे कारखानेच होते, आणि राख त्याचे फुकटचे जोड-उत्पादन.

फुकटचे? मी हे आजीला मोठ्या ऐटीने सांगितले. तिने काही न बोलता हात पुढे केले. भांडी मी एक दिवस राखेने घासली होती, तर दुसऱ्याच मिनिटाला ती ओरडली होती, "पुरो गो, हात भाजतले!" तिने चाळीस वर्षे घासली. बोटांच्या पेरांवर भेगांचे जुने वण आहेत. त्या भेगा आणि धुराने चुरचुरणारे डोळे कोणत्या खात्याला नावे टाकायचे, हे आमच्या हिशेबाच्या पुस्तकात नाही.

आता स्वयंपाक गॅसवर होतो, भांड्यांना वडी आहे. न्हाणीची चूल मात्र अजून पेटते. तिचा गोबर आजी माडांना घालते. भांड्यांना लावीत नाही.