नगरच्या किल्ल्यातला मृत्यू आणि सरकारी गोपनीयता

कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज 25 डिसेंबर 1883 रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. वय अवघे वीस. वेडाचा शिक्का मारून इंग्रजांनी त्यांना तिथे ठेवले होते. पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली, प्लीहा फाटली. चौकशी झाली ती सरकारचीच. ग्रीनने स्वसंरक्षणार्थ हात उचलला असे ठरले. ज्यांच्या ताब्यात माणूस, त्यांच्याच हाती कागद आणि साक्षीदारही. लोकांचा संशय फिटला नाही, यात नवल ते काय!

महाराजांच्या छळाबद्दल 'केसरी' व 'मराठा' आधीच लिहीत होते. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला, ती खरी ठरली नाहीत. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या अब्रुनुकसानीबद्दल 1882 मध्ये या वृत्तपत्रांचे संपादक टिळक-आगरकर यांना डोंगरीचा तुरुंग भोगावा लागला. अस्सल दप्तर बंद असले की बनावट कागदांचे फावते.

आज कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकारी करतात. पंचनामा, शवविच्छेदन, ठाण्यातील नोंदवही असे पुरावे त्यात तपासले जातात. मात्र राज्यकारभाराचे अप्रकाशित कागद खातेप्रमुखाच्या परवानगीशिवाय पुराव्यात आणता येत नाहीत, हा 1872 च्या पुरावा कायद्यातील नियम नव्या कायद्यातही आहे. एस. पी. गुप्ता खटल्यात 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला वेसण घातली: गोपनीयतेचा दावा न्यायालय स्वतः कागद पाहून तपासू शकते. माहिती अधिकार कायद्यानेही, जनहित वरचढ असेल तर, गोपनीय माहिती खुली करण्याची मुभा दिली आहे.